कारण न देता निळे केस

विशीतल्या मुलाने डोक्याच्या दोन्ही बाजू मशीनने साफ करून मधला तुरा निळा केला, तर 'वयच आहे' एवढे म्हणून लोक पुढे जातात. त्याचे वय हेच त्याचे कारण असते आणि ते त्याला न मागता मिळते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर इतरांचे जमाखर्च तपासणाऱ्या बाईने तेच केले, की मात्र तिला जबाब द्यावा लागतो. माझ्या डोक्यावर असा तुरा आता बराच काळ मुक्कामाला आहे. कानांच्या वर केस जेमतेम दिसतील इतके बारीक, मध्ये बोटभर उंचीची उभी पट्टी आणि तिचा रंग मोरपिशीकडे झुकणारा निळा. हा तुरा घेऊन चारचौघांत वावरताना माझे एक मत पक्के होत गेले. लोकांना रंग फारसा खुपत नाही. त्या रंगामागे सांगण्याजोगे कारण नसणे त्यांना अधिक खुपते.

आपण कारण दिले नाही तर लोक स्वतःच ते पुरवतात. काही आजार तर नाही ना, हा पहिला तर्क असतो, कारण बाजूचे केस नाहीत म्हणजे ते गळले असावेत असे आधी मनात येते. त्यानंतर घटस्फोट, हरलेली पैज, नाटकातली भूमिका, मुलीचा हट्ट असे पर्याय क्रमाने पुढे येतात आणि यांतले काहीच जुळले नाही, तर 'या वयात होते असे कुणाकुणाला' हा सहानुभूतीचा सूर लागतो. यांतल्या एखाद्या तर्काला मी नुसती मान डोलावली तरी समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. 'मला आवडते म्हणून' हे उत्तर मात्र कुणी उत्तर मानत नाही. ते ऐकून लोक क्षणभर थांबतात आणि खरे उत्तर अजून यायचे आहे अशा नजरेने बघत राहतात. कर्करुग्णांसाठी निधी जमवायला डोके भादरून घेणाऱ्यांचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. परंतु तसेच गुळगुळीत डोके एखाद्या बाईने विनाकारण मिरवले, की कौतुक करणाऱ्या त्याच लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात.

मेलेल्या माणसाचीही यातून सुटका नाही. आयर्लंडमधल्या मीथ काउंटीत २००३ साली पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, दलदलीत एका पुरुषाचे शव सापडले. पुरातत्त्वज्ञ त्याला क्लोनीकॅव्हन मॅन या नावाने ओळखतात. हा लोहयुगातला, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस. परंतु पीटमध्ये प्राणवायू जवळजवळ नसतो आणि तिथले पाणी आम्लधर्मी असते, त्यामुळे त्याची कातडी आणि केस टिकून राहिले. ते केस डोक्यावर उंच रचलेले होते आणि ते तसेच उभे राहावेत म्हणून त्यांना वनस्पती तेल आणि पाइनची राळ यांचे मिश्रण लावलेले होते. ही राळ तिथली नव्हती. ती नैऋत्य फ्रान्स किंवा स्पेनच्या बाजूने आलेली असावी, असे तपासणीतून पुढे आले. समुद्रापलीकडून हेअर जेल मागवणारा हा गृहस्थ ऐपतदार असणार, हा निष्कर्ष मला पटतो. त्याच्या डोक्यावर कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे घाव आहेत, तेव्हा खुनाचे कारण शोधावेसे वाटणे हेही मी समजू शकते. मात्र त्याचा बांधा ठेंगणा होता म्हणून उंच दिसण्यासाठी त्याने केस असे रचले असावेत, हा तर्क वाचला आणि मला हसू आवरेना. असेलही तसे. पण आरशाऐवजी पाण्यात स्वतःचे रूप न्याहाळून तो नुसताच खूश झाला असेल, ही शक्यता कुणी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

ज्याच्याजवळ खरोखरच कारण होते, असा माणूस म्हणजे ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डो. २००२ च्या विश्वचषकात तुर्कस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी त्याने सगळे डोके भादरून कपाळावर तेवढा केसांचा एक अर्धगोल ठेवला. तोवर जो तो त्याच्या दुखापतीबद्दल बोलत होता. हे केस पाहिल्यावर सगळे दुखापत विसरून केसांबद्दल बोलू लागले आणि आपल्याला नेमके तेच हवे होते, असे त्यानेच पुढे सांगितले. त्या सामन्यातला एकमेव गोल त्याने केला आणि ३० जून रोजी योकोहामातल्या अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोलही त्याचेच होते. मुलांनी ठिकठिकाणी तशीच कापणी करून घेतली, त्याबद्दल त्याने नंतर आयांची माफी मागितली, ही गोष्ट वेगळी.

यातली युक्ती मला नीट कळते, कारण ती माझ्याही आपोआप उपयोगी पडली आहे. विचित्र केशरचना नजर ओढून घेते आणि एका जागी बांधून ठेवते. उरलेला माणूस तिच्या आडोशाला मोकळा राहतो. भेटल्याबरोबर 'किती सुटलीस गं' म्हणणाऱ्या बायका आता माझ्या वजनाचा विषयच काढत नाहीत. गालावरचे वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, यंदा बदललेली चष्म्याची चौकट, यांतले काहीही कुणाच्या लक्षात येत नाही. निळा तुरा ही उघडे पडण्याची गोष्ट आहे असे बाहेरून वाटते, पण आतून ती बरीचशी पडद्यासारखी काम करते. एवढे मात्र खरे, की मी तुरा ठेवला तो यासाठी नव्हे. हा फायदा मागाहून मिळाला.

प्रौढांच्या केसांचा हिशेब मागण्याची सवय आजची नाही आणि ती केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही नाही. चीनमध्ये सत्तेवर आलेल्या छिंग राजवटीने १६४५ साली तिथल्या बहुसंख्य हान समाजातल्या पुरुषांना फर्मान काढले, की कपाळाकडचे केस भादरून मागे लांब वेणी ठेवावी. जो केस राखील त्याचे शिर जाईल. ती वेणी १९११ च्या क्रांतीपर्यंत राजनिष्ठेची खूण होऊन राहिली आणि ती कापणे हे बंड ठरले. ब्रिटनमध्ये १७९५ साली केसांना पावडर लावणाऱ्यांवर वर्षाला एक गिनी कर बसला आणि आधीच उतरणीला लागलेली ती फॅशन लवकरच निकालात निघाली. एका सरकारने केसांना कारण नेमून दिले, तर दुसऱ्याने शौकाची पावती फाडली. माझ्या ओळखीच्या लोकांना यांतले कोणतेच अधिकार नाहीत, तेव्हा ते प्रश्न विचारून भागवतात.

हा अल्लडपणा आहे असे जे म्हणतात, त्यांनी तुरा निळा होताना एकदा बसून पाहावा. काळ्या केसांवर निळा रंग थेट उमटत नाही. केसाचा काळेपणा मेलॅनिनमुळे असतो आणि ते आतल्या भागात, कॉर्टेक्समध्ये, असते. त्यावर क्युटिकलचे खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. ब्लीच पावडर डेव्हलपरमध्ये कालवली, की त्या अल्कलीयुक्त मिश्रणाने केस फुगतो, खवले उचलले जातात आणि पावडरमधले पर्सल्फेट व डेव्हलपरमधले हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण करतात. डेव्हलपरच्या बाटलीवर २०, ३०, ४० असे 'व्हॉल्यूम' लिहिलेले असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड. आकडा जितका मोठा, तितके काम वेगाने होते आणि तितकी केसांची नासाडीही अधिक, कारण केसाला बळकटी देणारे केराटिनमधले बंधही या भानगडीत तुटतात. काळा केस एका दमात फिका होत नाही. तो आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी अगदी फिकट पिवळा. नारिंगीवर निळा चढवला तर मळकट दिसतो, पिवळ्यावर चढवला तर हिरवट होतो. म्हणजे रंग करण्यापेक्षा रंग काढण्यात सगळे कसब असते.

माझे केस करणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची आहे आणि या कामात तिच्याइतकी धीराची व्यक्ती मी पाहिलेली नाही. टाळूच्या उष्णतेमुळे मुळांशी ब्लीच लवकर काम करते, म्हणून ती आधी लांबीवर लावते आणि मुळे शेवटी घेते. येण्याच्या आदल्या दिवशी केस धुवायचे नाहीत, अशी तिची ताकीद असते, कारण टाळूवरचे नैसर्गिक तेल थोडे तरी संरक्षण देते. लावून झाले, की दर थोड्या वेळाने ती फॉइलची घडी उलगडते, चारच केसांची बट ओल्या कापसाने पुसते, उजेडाकडे धरते आणि डोळे बारीक करून बघते. "अजून नारिंगी मारतंय, थांबू." पुन्हा घडी बंद. नाकात अमोनियाचा वास असतो, मान अवघडलेली असते आणि ती मध्येच विचारते, "ताई, चुणचुणतंय की आग होतेय?" हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. चुणचुण चालते, आग होऊ लागली तर उरलेला नारिंगी तसाच सोडून लगेच डोके धुवायचे असते. या एका बाबतीत आमच्यात कधी चर्चा होत नाही.

पुढे देखभाल सुरू होते. निळा रंग हा डायरेक्ट डाय, म्हणजे केसावर थेट बसणारा रंग, असतो. त्याला पेरॉक्साइड लागत नाही आणि म्हणूनच तो टिकतही नाही. प्रत्येक धुण्याला थोडाथोडा निघून जातो, उन्हाने उडतो, पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनने तर फारच लवकर. धुणे कमी करावे लागते, पाणी कोमट नव्हे तर थंड घ्यावे लागते, शाम्पू सल्फेटविरहित लागतो आणि उशीचा अभ्रा व टॉवेल गडद रंगाचे ठेवावे लागतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा काळी मुळे डोके वर काढतच असतात. रंग फिका होऊ लागला, की खालचा पिवळा वर येतो आणि एके दिवशी आरशात शेवाळ दिसते. विम्याचे हप्ते वेळेवर भरणारा माणूसच हे निभावून नेऊ जाणे. केस कुठलेही का असेनात, प्रौढपणाचे जे म्हणून गुण सांगितले जातात, म्हणजे नियोजन, चिकाटी, घड्याळाकडे लक्ष, ते सगळे इथे कामी येतात.

याउलट पांढरे केस काळे करणाऱ्याला जगात कुणीही कारण विचारत नाही, आणि मला ही सगळ्यात मोठी गंमत वाटते. १९०७ मध्ये यूजीन शुलर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपला कृत्रिम हेअर डाय तयार केला. पुढे त्यातूनच लॉरियाल ही कंपनी उभी राहिली. हळूहळू पांढरे केस झाकणे हा घरोघरीचा व्यवहार झाला. गडद कायमस्वरूपी रंगांत बहुतेकदा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमाइन, असते. त्याची काहींना तीव्र ॲलर्जी येते, पापण्या आणि चेहरा सुजतो, म्हणून वापरण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून पाहण्याची सूचना पाकिटावर छापलेली असते आणि बहुतेक लोक ती वाचत नाहीत. रसायन दोन्हीकडे आहे, आरशासमोरचा वेळ दोन्हीकडे आहे. एक रंग वय लपवतो म्हणून त्याचे कारण सर्वांना ठाऊक असते. दुसरा काहीच लपवत नाही, म्हणून त्याची चौकशी होते.

लोकांच्या नजरांबद्दल जितके बोलले जाते, तितके त्यात तथ्य नाही असे मी आता म्हणू शकते. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मानसशास्त्रात बराच सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, त्या वयात घालायला लाज वाटावी असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. खोलीतल्या साधारण निम्म्या जणांच्या तो लक्षात आला असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांच्याच लक्षात आला. माझ्या तुऱ्याला हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. तो पाव लोकांना नव्हे, सगळ्यांना दिसतो. माझा अंदाज चुकत असे तो त्या नजरेच्या मुक्कामाबद्दल. पाहणारा पाहतो, एक भुवई वर जाते आणि तो आपल्या फोनकडे परततो. त्याला स्वतःचे पुष्कळ असते. त्याच संशोधनातला दुसरा भाग मला अधिक उपयोगी वाटतो: ज्यांना खोलीत शिरण्याआधी काही वेळ टी-शर्टची सवय होऊ दिली, त्यांचा अंदाज बराच खाली आला. म्हणून नवा रंग करणाऱ्याला मी सांगते, की दोन दिवस घरातच आरशासमोरून ये-जा करून घ्या आणि मग बाहेर पडा. आपल्याच डोक्याचे नवल आपल्याला वाटेनासे झाले, की चाल बदलते, आणि लोक केसांआधी चाल बघतात.

मुलांची गोष्ट निराळी आहे. लिफ्टमध्ये एकदा पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने मान पूर्ण मागे टाकून माझा तुरा पाहिला आणि विचारले, "हे पाण्यानं जातं का?" तिच्या आईने हात ओढून "असं विचारू नये" म्हटले. मी म्हटले, थोडे थोडे जाते. मग तिने विचारले, झोपताना हे मोडते का, आणि टोचते का. मी वाकले, तिने बोटाने दाबून पाहिले आणि "मऊ आहे" असा निकाल देऊन ती आपल्या मजल्यावर उतरली. तिने एकदाही का म्हणून विचारले नाही. मुले 'कसे' विचारतात, आणि त्या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे भरपूर असतात. तिची आई संकोचली होती खरी, पण ज्या प्रश्नाने मला शिणवटा येतो, तो तिच्याच वयाचे लोक विचारतात.

ज्याची खरी किंमत मोजावी लागते ती गोष्ट टिंगल नव्हे, तर अनोळखीपणा गमावणे. साध्या केसांचा माणूस गर्दीत विरघळू शकतो. मला ते जमत नाही. रांगेत कुणाशी तणतणले, तर महिनाभर 'ती निळ्या केसांची बाई' म्हणून तो प्रसंग माझ्या नावावर राहतो. एकदा पाहिलेली व्यक्ती मला दुसऱ्यांदा भेटते तेव्हा ती मला ओळखते आणि मी तिला ओळखत नाही, आणि हे असमान नाते सांभाळून घ्यायला मला जरा जास्तच हसावे लागते. ज्या दिवशी मन ठिकाणावर नसते, त्या दिवशी मी सरळ टोपी घालते. त्यात कसली माघार नाही. दार लावून बसण्याचा हक्क सगळ्यांना असतो, तसा तो तुऱ्यालाही असावा.

कामाच्या ठिकाणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नवा अशील पहिल्या बैठकीत थोडा बिचकतो, ताळेबंदातली पहिली विसंगती दाखवली की सावरतो. जिथे यंत्रात केस अडकू शकतात किंवा निर्जंतुक टोपी घालावी लागते, तिथले नियम समजण्यासारखे आहेत. 'आमच्या प्रतिमेला शोभत नाही' हे वाक्य मात्र मला कधीच कळलेले नाही, कारण ती प्रतिमा कुणाच्या केसांवरून बेतली हे विचारले, की उत्तर मिळत नाही.

आणि इथे माझ्या धाडसाची मर्यादाही नोंदवायला हवी. मला तुरा कापून उद्या सरळ भांग पाडता येईल. ज्यांचे केस जन्मतःच दाट कुरळे आहेत आणि ज्यांच्यासाठी बारीक वेण्या किंवा लॉक्स, म्हणजे जटांसारख्या बटा, ही केस राखण्याची रोजची साधी रीत आहे, त्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचे केसही अनेक कार्यालयांत 'अतिरेकी' ठरवले गेले. त्यांनी काहीही केलेले नसताना त्यांना कारण मागितले गेले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली 'क्राउन ॲक्ट' संमत करून केसांचा नैसर्गिक पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट अशा रचना यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करण्यास मनाई केली. तसा कायदा करणारे ते तिथले पहिले राज्य होते. जन्मजात केस डोक्यावर बाळगण्यासाठी कायद्याची गरज पडावी, यापुढे माझ्या निळ्याची चौकशी ही अगदी किरकोळ गैरसोय आहे, आणि दोन्हींना एकाच तागडीत घालून 'आम्हीही सोसले' असे म्हणणारे तुरेवाले मला आवडत नाहीत.

आई माझ्याकडे येते तेव्हा पहिले काही दिवस तिने 'बरी आहेस ना?' एवढेच विचारले होते. आता ती माझी मान खाली वाकवून मागून बघते आणि सांगते, "डावीकडे डाग राहिलाय, त्या पोरीला नीट करायला सांग." तिचे बरोबर असते.

वयाची मला वाटत होती ती अडचण उलटी निघाली. ब्रिटिश फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्स यांचा जन्म १९४० चा. सत्तरच्या दशकात त्यांचे केस हिरवे होते आणि त्यानंतर कित्येक दशके ते गडद गुलाबी आहेत. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांनी तो रंग सोडलेला नाही. पांढऱ्या केसात मेलॅनिन उरलेलेच नसते, त्यामुळे काढायलाही काही नसते. माझी कानशिले पांढरी होऊ लागली आहेत. तुरा थोडा रुंद करून या वेळी ती बटही त्यात घेतली, तर तिथे ब्लीच लावावेच लागले नाही. पांढरा केस जरा चिवट असतो, रंग प्यायला वेळ घेतो, पण एकदा प्याला की ब्लीच केलेल्या केसांहून स्वच्छ दिसतो आणि खाली पिवळे काही नसल्यामुळे हिरवाही पडत नाही. बाकीचे केस मी रसायनात पांढरे केले, हे तेवढे उन्हात झालेले नाहीत, असे मी त्या मुलीला म्हटले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "ताई, अजून चारपाच वर्षांनी तुमचं काम निम्म्या वेळात होईल." पुढच्या खेपेला जांभळा करायचा आमचा बेत आहे. निळा पुरता उतरायची वाट बघावी लागणार नाही; तो फिका झाला, की त्याच्यावरच गुलाबी चढवून जांभळा साधतो, असे ती म्हणते.